अंगात ताप, हातपाय गार : रक्तवाहिन्या उष्णता नेतात तरी कशा?

निपाणकर
मंडळी, प्रश्न साधा आहे. कुणी नीट उत्तर दिलं नाही म्हणून इथं टाकतोय. पुतण्याला ताप चढला होता. थर्मामीटरवर १०२, कपाळ आणि पोट भाजतंय, तळहात-तळपाय मात्र गार. आई म्हणाली गोधडी घाला, शेजारच्या अक्का म्हणाल्या गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा. डॉक्टर एवढंच म्हणाले, "रक्तवाहिन्या आकसल्यात, होतं असं." पोरगं आता खेळायलंय, खरं माझ्या डोक्यातला किडा काही जाईना. आतली उष्णता हातापर्यंत पोचते कशी? मांसातून झिरपत येते की रक्तासोबत वाहत येते? आणि वाहत येत असेल तर शरीर तिला अडवतं कुठं?

सिस्टर_चिकोडी
आधी कामाचं सांगतो, बाकीचं मास्तर लोक बघून घेतील.

जंतुसंसर्ग झाला की शरीरात प्रोस्टाग्लँडिन ई२ तयार होतं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसनं धरलेला तापमानाचा आकडा ते वर सरकवतं, ३७ अंश सेल्सिअसवरून समजा ३९ वर. आता मेंदूच्या हिशेबानं अंग थंड पडलंय. मग तो थंडीत जे करतो तेच करतो. कातडीकडच्या रक्तवाहिन्या आवळतो, स्नायूंना कुडकुडायला लावतो. हाताच्या तळव्यात गरम रक्त जायचं थांबलं की तळवा गार लागणारच. पॅरासिटामॉलनं तो आकडा खाली आला की सगळं उलटं होतं. कातडी लाल, घाम, हातपाय ऊन.

म्हणून ताप चढत असताना बर्फाच्या पाण्यानं अंग पुसू नका. वाहिन्या आणखी आवळतात, कुडकुडणं वाढतं, आत उष्णता जास्तच तयार होते. स्पिरिट तर नकोच नको. गोधड्यांचा ढीगही नको. एक पातळ पांघरूण, घोट-घोट पाणी, आणि वजनाप्रमाणं औषध.

अजून एक. गार हातपाय प्रत्येक वेळी साधे नसतात. छातीवरची कातडी किंवा नख पाच सेकंद दाबून सोडा. रंग दोन-तीन सेकंदांत परत आला पाहिजे. उशीर लागत असेल, कातडी ठिपक्याठिपक्यांची किंवा राखाडी दिसत असेल, मूल सुस्त पडलं असेल, श्वास जोरात चालला असेल, तर घरी बसू नका. तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर नुसता ताप दिसला तरी दवाखाना.

निपाणकर
धन्यवाद सिस्टर. आईला वाचून दाखवलं. गोधडीचा मुद्दा तिला पटलेला नाही.

भौतिकी_मास्तर
"झिरपत की वाहत" हा प्रश्न बरोबर जागी बोट ठेवणारा आहे, आणि त्याचं उत्तर आकड्यांनी देता येतं.

मांसातून उष्णता झिरपायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतो. एक मिलिमीटर जायला साधारण सात सेकंद. एक सेंटिमीटरला बारा मिनिटं. दहा सेंटिमीटरला जवळजवळ वीस तास! पोटाच्या आतल्या भागापासून कातडीपर्यंतचं अंतर त्याच घरात येतं. आणि आपण नुसते बसलेले असलो तरी ८० ते १०० वॅट उष्णता तयार करत असतो. ती झिरपून बाहेर पडायची वाट बघत बसलो तर आतल्या आत शिजून निघू.

आता रक्त बघा. हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त ढकलतं, आणि मोठ्या माणसाच्या अंगात रक्तही साधारण तेवढंच असतं. म्हणजे मिनिटभरात एक फेरा पुरा. एक लिटर रक्त एका अंशानं निवलं की ३.८ किलोज्यूल उष्णता सोडतं. तेव्हा उत्तर 'वाहत'. झिरपणं चालतं ते फक्त शेवटच्या मिलिमीटरभर अंतरात, वाहिनीच्या भिंतीपासून शेजारच्या पेशीपर्यंत.

याचं पहिलं नीट गणित हॅरी पेन्स यांनी १९४८ साली मांडलं. माणसाच्या कोपराखालच्या हातात आरपार बारीक तापमापक तारा घालून त्यांनी कातडीपासून आतपर्यंतचं तापमान मोजलं. मग सूत्र मांडलं : रक्त मांसाला किती उष्णता देतं? तर रक्ताचा प्रवाह, गुणिले रक्ताची उष्णताधारकता, गुणिले धमनीतलं रक्त आणि मांस यांच्या तापमानातला फरक. यात एक गृहीत दडलेलं आहे. धमनीतलं रक्त गाभ्याचं, म्हणजे शरीराच्या आतल्या भागाचं, तापमान जसंच्या तसं घेऊन थेट केशवाहिन्यांपर्यंत येतं आणि सगळी देवाणघेवाण तिथं होते, असं त्यांनी धरलं.

टेलएंड_रायबाग
मास्तर, तुमच्या पेन्ससाहेबानं कॅनॉलवर शेती केलेली दिसत न्हाई. घटप्रभेच्या मेन कॅनॉलात सोडलेलं पाणी जसंच्या तसं शेवटच्या सरीपर्यंत येतंय असं धरून चाललो असतो तर आमचा ऊस कवाच वाळला असता. पाणी वाटंतच झिरपून जातंय. उष्णतेचं बी तसंच नसंल कशावरून?

भौतिकी_मास्तर
अण्णा, तुम्ही जे विचारताय तेच १९८० मध्ये चेन आणि होम्स या दोघांनी विचारलं. त्यांनी प्रत्येक जाडीच्या वाहिनीसाठी एक लांबी काढली : एवढं अंतर वाहिल्यावर रक्ताचं तापमान भोवतालच्या मांसाशी जुळतं. महाधमनीसाठी ही लांबी शंभर मीटरच्या वर भरते. म्हणजे महाधमनीत रक्त काहीच गमावत नाही, कारण ती स्वतः अर्धा मीटरसुद्धा लांब नसते. केशवाहिनीसाठी तीच लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. मग खरा सौदा मधल्या आकाराच्या वाहिन्यांत होतो, साधारण अर्ध्या मिलिमीटरपासून त्याच्या दहाव्या भागापर्यंतच्या. केशवाहिनीत पोचेपर्यंत रक्त मांसाच्या तापमानाला आलेलं असतं. प्राणवायू तिथं उतरतो, उष्णता आधीच उतरलेली असते.

हा फरक मला फार आवडतो. शाळेत आपण केशवाहिनी म्हणजे सगळ्या देवघेवीची जागा असं शिकवतो, मीही तसंच शिकवतो. उष्णतेला ते लागू नाही.

टेलएंड_रायबाग
तर मग. 😀

चिकित्सक_टिळकवाडी
मास्तर, गृहीतच चुकलं असेल तर त्या सूत्राला कवटाळून का बसायचं? आजही लेखांत पेन्सचंच समीकरण दिसतं.

भौतिकी_मास्तर
कारण सोपं आहे आणि बऱ्याच ठिकाणी उत्तर बरं देतं. ज्या भागात बारीक वाहिन्या दाट आहेत तिथं एकेका वाहिनीचा हिशेब न ठेवता सरासरी धरली तरी काम भागतं. १९९८ मध्ये विस्लर यांनी पेन्स यांची मूळ मोजमापं पुन्हा तपासली आणि दाखवलं की त्यांच्यावर घेतलेले काही आक्षेप मोजमापांच्या चुकीच्या मांडणीवर उभे होते. सूत्र फसतं ते मोठी वाहिनी जवळ असली की, किंवा धमनी आणि शीर जोडीनं चालत असल्या की. त्या जोडीसाठी वाइनबॉम आणि जिजी यांनी १९८५ मध्ये वेगळं समीकरण मांडलं.

लाल_आखाडा
जोडी म्हणालात म्हणून विचारतो. तालमीत जोर काढून झाले की दंडावरच्या, हातावरच्या शिरा टरटरून वर येतात. थंडीच्या दिवसांत सकाळी त्याच शिरा शोधून सापडत नाहीत. वस्ताद म्हणतात रक्त 'बाहेर आलं'. ते खरं आहे का?

भौतिकी_मास्तर
वस्ताद बरोबर आहेत, अक्षरशः.

हातातून रक्त परत यायला दोन वाटा आहेत. एक खोलवरची. तिथं धमनीला अगदी खेटून दोन बारीक शिरा चालतात. दुसरी कातडीखालची, तुम्हाला दिसणारी. थंडीत वरची वाट जवळपास बंद होते आणि रक्त खोलच्या वाटेनं परततं. बोटांकडून येणारं गार रक्त आणि बोटांकडे जाणारं गरम रक्त एकमेकांना खेटून उलट्या दिशांनी जातात. धमनीतली उष्णता बोटांपर्यंत न जाता मधेच शिरेत उतरते आणि परत छातीकडे वळते. हात गार पडतो, गाभा ऊन राहतो. निपाणकर, तुमच्या 'अडवतं कुठं' याचं अर्धं उत्तर इथं आहे. क्लोद बेर्नार यांनी एकोणिसाव्या शतकातच हे सुचवलं होतं. १९४८ साली बॅझेट आणि सहकाऱ्यांनी धमनीत तापमापक घालून मोजलं, तेव्हा थंडीत मनगटाच्या धमनीतलं रक्त गाभ्यापेक्षा कितीतरी गार निघालं. गंमत म्हणजे हा लेख आणि पेन्स यांचा लेख एकाच नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात छापून आलेत. एकात पुरावा की धमनीतलं रक्त वाटेत निवतं, दुसऱ्यात गृहीत की निवत नाही.

उरलेलं अर्धं उत्तर तळहात, तळपाय, नाक, ओठ, कान इथं आहे. या जागी धमनी आणि शीर यांना केशवाहिन्यांशिवाय थेट जोडणारे छोटे फाटे असतात. त्यांच्या भिंतीत जाड स्नायू, आणि त्यावर चेतातंतूंचा ताबा. ते उघडले की रक्ताचा लोंढा थेट कातडीखालच्या शिरांत येतो, मिटले की थांबतो. म्हणूनच तापात पोट भाजत असताना तळवे गार.

जोर काढताना स्नायूंतल्या ऊर्जेचा तीन चतुर्थांशांहून जास्त भाग उष्णता होतो. ती टाकायला कातडीचा प्रवाह मिनिटाला पाव लिटरवरून सहा ते आठ लिटरपर्यंत जाऊ शकतो. पण तेच रक्त स्नायूंनाही हवं असतं. पाणी कमी प्यायलं असेल, घामानं रक्ताचं पाणी घटलं असेल, तर हृदयाला दोन्हीकडं पुरवता येत नाही. शरीर मग कातडीचा वाटा कापतं आणि आतलं तापमान भराभर चढतं. चैत्रात दुपारी मेहनत करणाऱ्या पोरांना एवढं जरूर सांगा.

सीमा_भाग_जिंदाबाद
या सगळ्यात कर्नाटक सरकार मराठी शाळांचं काय

संपादक
त्याला वेगळा धागा आहे, तिकडं या. इथं रक्ताचं तापमान चाललंय, लिहिणाऱ्यांचं वाढवू नका.

घुबड_खानापूर
मास्तरांच्या जोडीचा उत्तम नमुना धुपदाळला बघायला मिळतो. घटप्रभा पक्षी अभयारण्यात हिवाळ्यात युरोपातून पांढरे करकोचे येतात. पहाटेच्या गार पाण्यात तासन् तास उभे. पायांच्या वरच्या भागात धमनी-शिरांची अशीच उलटसुलट गुंफण असते, त्यामुळं पंज्यापर्यंत उष्णता जातच नाही आणि पाण्यात वायाही जात नाही.

पण दुपारी ऊन वाढलं की हेच पाय उष्णता टाकायचं साधन होतात. पायातला प्रवाह वाढतो आणि करकोचा सरळ स्वतःच्या पायावर पातळ विष्ठा सोडतो. ती वाळताना पायातलं रक्त निवतं. पायांवर पांढरा चुना दिसला म्हणून आजारी समजू नका.

आमच्या भीमगडच्या जंगलात बारापेडे गुहेत राटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ आहे, जगात फार थोड्या ठिकाणी सापडणारं. वटवाघळाच्या पंखाचं कातडं पातळ, बिनकेसांचं, रक्तवाहिन्यांनी भरलेलं. उडताना स्नायू तापतात, तेव्हा तीच वाट कामाला येते.

म्हशीवाला_हुक्केरी
पाखरं ऱ्हाऊ द्या, जनावरांचं बोला की. म्हस पाण्यात का बसतीय हे सगळ्यांना माहीत हाय, काळं कातडं आणि घाम कमी. खरं वळूचं कुणी सांगत न्हाई.

भौतिकी_मास्तर
जनावरांचं माझं वाचन कमी आहे, घुबडराव सांगतील.

घुबड_खानापूर
वळूच्या अंडकोशाला जाणारी धमनी नागमोडी वळणं घेत उतरते आणि तिच्याभोवती परतणाऱ्या शिरांचं वेलीसारखं दाट जाळं असतं. खालून गार होऊन आलेलं रक्त वरून येणाऱ्या रक्ताला निववतं. त्यामुळं तो भाग गाभ्यापेक्षा २ ते ६ अंश गार राहतो. शुक्रजंतू तयार व्हायला तेवढा गारवा लागतो. उन्हात बांधून ठेवलेल्या वळूचा उन्हाळा लगेच दिसत नाही, काही आठवड्यांनी गाई-म्हशी उलटायला लागल्या की कळतो. सावली, पाणी, आणि खालून वारा खेळेल असा गोठा.

मेंढ्या-शेळ्या आणि गाई-म्हशींच्या मेंदूखालीही असंच एक जाळं आहे. नाकात निवलेलं शिरेतलं रक्त तिथं मेंदूकडं जाणाऱ्या धमनीच्या बारीक फांद्यांना भिडतं. धाप टाकणारी मेंढी अंग तापलेलं असताना मेंदू थोडा गार ठेवू शकते. माणसाला ही सोय नाही. शेळीच्या शिंगाच्या आत हाडाभोवतीही वाहिन्या असतात, पळाल्यावर त्या उघडतात. शिंग हाताला ऊन लागतं ते उगीच नव्हे.

म्हशीवाला_हुक्केरी
हे कामाचं सांगितलंसा. वळूचा दावा उद्याच चिंचंखाली हलवतो.

संकेश्वरी_तिखट
आमच्या मिरचीचं काय? ठेचा खाल्ला की कान तापतात, टाळूला घाम येतो. अंगात उष्णता वाढते म्हणतात ती हीच का?

सिस्टर_चिकोडी
ताप येत नाही त्यानं. जिभेवर आणि कातडीत उष्णता ओळखणारा एक ग्राहक असतो, ४३ अंशांच्या वर गेलं की तो मेंदूला 'भाजतंय' म्हणून कळवतो. मिरचीतलं कॅप्सेसिन त्याच ग्राहकाला उघडतं. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या गटानं तो शोधला, २०२१ चं नोबेल त्यातूनच आलं. मेंदूला वाटतं तोंड भाजलं, म्हणून तो चेहऱ्याच्या वाहिन्या उघडतो, घाम काढतो. अंग उलट उष्णता टाकत असतं.

निपाणकर
आमच्या गावात अजून एक बघितलंय. बिडी ओढणारे, चाळिशीच्या आतले काही जण, हिवाळ्यात बोटं पांढरीनिळी पडतात म्हणून चुलीजवळ बसून शेकतात. एकाचा पायाचा अंगठा काढावा लागला. तंबाखू पिकवणारं आमचं गाव, त्यामुळं कुणी मोठ्यानं बोलत नाही.

सिस्टर_चिकोडी
बोललंच पाहिजे. निकोटिन कातडीच्या वाहिन्या आवळतं. एक सिगारेट किंवा बिडी ओढली की बोटांच्या टोकांचं तापमान उतरतं, हे मोजून दाखवता येतं. तेवढं तात्पुरतं. पण काही जणांत हातापायांच्या लहान-मध्यम वाहिन्या सुजून, गुठळ्या होऊन बंदच पडतात. त्याला बर्गरचा आजार म्हणतात, लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये त्याचं वर्णन केलं. तरुण, तंबाखू वापरणारे पुरुष, हेच त्याचे बहुतेक रोगी. औषधं आधाराला आहेत, पण तंबाखू पूर्ण सोडल्याशिवाय तो थांबत नाही. कमी करून भागत नाही.

आणि शेकण्याबद्दल कळकळीनं सांगतो. चांगला पाय शेकला तर आलेली उष्णता रक्त पुढं वाहून नेतं, म्हणून कातडी वाचते. ज्या पायात रक्तच पोचत नाही तिथं उष्णता साठून राहते, आणि सहज सोसेल अशा शेकानंही कातडी भाजते. साखरेच्या रोग्याला तर बऱ्याचदा संवेदनाही नसते, गरम पाण्याच्या पिशवीनं फोड आलेले पाय आम्ही दर हिवाळ्यात बघतो. मोजे घाला, चुलीपासून लांब बसा, आणि पाय दुखतोय, काळा पडतोय असं दिसलं तर रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरकडं.

चिकित्सक_टिळकवाडी
ताप मोजायची ती बंदूक असते ना दारात धरायची, ती या हिशेबात कुठं बसते?

सिस्टर_चिकोडी
ती कातडीचं तापमान बघते आणि आतलं अंदाजानं सांगते. ताप चढत असताना कातडीचं रक्त आटलेलं असतं, मग ती कमी दाखवू शकते. उन्हातून आलेल्या धडधाकट माणसाला जास्त. शंका असेल तर काखेत डिजिटल थर्मामीटर, हात अंगाला घट्ट धरून. काखेचा आकडाही आतल्यापेक्षा थोडा कमीच येतो.

वेदगंगाकाठ
इतके दिवस नुसता वाचत होतो. मामांच्या यकृतात गाठ निघालीय, लहान आहे. शस्त्रक्रिया नको, सुई घालून जाळू म्हणालेत. पण स्कॅन बघून डॉक्टर म्हणाले, "शेजारी मोठी शीर आहे, उष्णता पळवते." म्हणजे काय? मास्तर, हे तुमच्या विषयातलंच वाटलं.

भौतिकी_मास्तर
अगदी त्यातलंच. रेडिओलहरींच्या सुईनं गाठ ६० अंशांच्या वर तापवतात. तिथं पेशी जवळजवळ लगेच मरतात. पण यकृतातून मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त जातं. तीन मिलिमीटर किंवा त्याहून जाड वाहिनी गाठीला लागून असेल तर ३७ अंशांचं ताजं रक्त सतत येऊन तो कोपरा निववत राहतं. सुईजवळ मांस शिजतं, वाहिनीच्या कडेला काही पेशी जिवंत राहतात, आणि गाठ तिथूनच पुन्हा वाढू शकते. पेन्स यांच्या सरासरीनं इथं भागत नाही म्हणतो ते यासाठी. ती एक वाहिनी तिच्या जागेसकट हिशेबात धरावी लागते.

सिस्टर_चिकोडी
घाबरू नका, यावर उपाय असतात. सूक्ष्मलहरींची सुई जास्त जोरात आणि लवकर तापवते, तिच्यावर वाहिनीचा परिणाम कमी होतो. काही वेळा यकृताकडचा रक्तपुरवठा थोडा वेळ रोखून जाळतात. काही वेळा गाठीच्या कडेनं जास्त सुया घालतात, किंवा जाळण्याऐवजी दुसराच मार्ग घेतात. मामांच्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा : वाहिनी किती जाड आहे आणि गाठीपासून किती लांब, कोणती सुई वापरणार, आणि नंतरचा स्कॅन कधी. त्या स्कॅनमध्ये जळालेला भाग गाठीपेक्षा चारी बाजूंनी मोठा दिसला पाहिजे, वाहिनीकडची बाजू मुद्दाम बघायला सांगा.

वेदगंगाकाठ
लिहून घेतलं सिस्टर. सोमवारी बेळगावला दाखवायचं आहे, कागद सोबत नेतो.